वाचकांचे प्रश्न : वाळूतले चर्च आणि गोल्फचे मैदान

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असते. तिने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून एक छायाचित्र पाठवले. त्यात गोल्फच्या हिरवळीच्या मधोमध किंचित कललेल्या मनोऱ्याचे, जमिनीत रुतल्यासारखे दिसणारे एक छोटे दगडी चर्च आहे. आम्ही चार मित्र रोज सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जातो. ते छायाचित्र पाहून आमच्यात बराच वाद झाला. एकाच्या मते क्लबच्या सभासदांनी हे चर्च स्वतःसाठी बांधून घेतले असावे, तर दुसऱ्याच्या मते चर्चची जमीन बळकावून मैदान केले असावे. यात खरे काय? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांचे तर्क चुकले आहेत. आपण वर्णन केलेले चर्च ट्रेबेदरिक या खेड्याजवळचे सेंट एनोडॉक असावे. त्याचे बांधकाम बाराव्या शतकापासूनचे आहे. तेथील गोल्फ क्लब स्थापन झाला 1890 मध्ये, आणि जेम्स ब्रेड या नामवंत खेळाडूने मैदानाची आखणी केली 1907 मध्ये. म्हणजे चर्च मैदानात आलेले नाही, गोल्फचा खेळ सात शतकांनंतर त्या चर्चच्या अंगणात आला. ही दोन स्थळे एकत्र कशी आली याचे उत्तर मात्र माणसांच्या इच्छेपेक्षा तेथल्या वाळूत अधिक सापडते.

त्या किनाऱ्यावर अटलांटिक महासागराकडून सतत जोराचा वारा वाहतो आणि कोरडी वाळू आत ढकलत नेतो. वाटेत एखादी भिंत आली की वाऱ्याचा वेग कमी होतो आणि वाळू तेथेच बसते. एखादी इमारत उभी असणे हेच वाळू साचण्याचे कारण ठरते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेंट एनोडॉक असे वाळूखाली गाडले गेले होते, इतके की आसपासचे लोक त्याला ‘सिंकिंग नेडी’, म्हणजे बुडत चाललेला नेडी, असे म्हणू लागले. गोदावरीच्या पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजणाऱ्या नाशिककरांना देवस्थान पाण्याखाली जाणे नवीन नाही, परंतु आपले पाणी काही दिवसांत ओसरते आणि दर्शन पुन्हा सुरू होते. वाळू अशी परत जात नाही.

तरीही ते चर्च सोडून दिले गेले नाही, आणि मला या साऱ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे दिवाबत्ती आणि पूजाअर्चा चालू राहावी म्हणून देवस्थानाला इनाम जमिनी दिलेल्या असत, आणि सेवा खंडित झाली की त्या इनामावरचा हक्क अडचणीत येई. सेंट एनोडॉकच्या बाबतीत असेच सांगितले जाते की तेथील उत्पन्नाचा दशांश मिळण्याचा हक्क टिकवायचा तर वर्षातून किमान एकदा उपासना होणे आवश्यक होते. म्हणून धर्मगुरू आणि काही गावकरी छपराला पाडलेल्या भोकातून आत उतरत आणि प्रार्थना करून त्याच वाटेने बाहेर येत. हक्काचा हिशोब यामागे होता हे खरे, परंतु अंधाऱ्या, वाळूने वेढलेल्या गाभाऱ्यात पिढ्यान्पिढ्या वर्षातून एकदा म्हटलेली ती प्रार्थना केवळ हिशोबासाठी होती असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अखेर 1864 च्या सुमारास वाळू उपसून चर्च मोकळे करण्यात आले, त्याची डागडुजी झाली आणि भोवतालच्या टेकड्या स्थिर करण्यात आल्या.

आता गोल्फकडे वळू. किनाऱ्यालगतच्या अशा वालुकामय, उंचसखल जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तिच्यात नांगर चालत नाही, पीक येत नाही. आपल्या गायरानासारखी ती चराईला मोकळी असे, आणि मेंढ्यांनी व सशांनी गवत खुरटे ठेवलेले असे. पाणी झटकन मुरत असल्यामुळे पावसाळी दिवसांतही पाय चिखलात रुतत नाहीत. चेंडू घरंगळण्यासाठी याहून चांगली जमीन नाही, आणि ती शेतीच्या उपयोगाची नसल्यामुळे क्लबांना सहज मिळे. मारम नावाचे कणखर गवत खोल मुळांनी वाळू धरून ठेवते, आणि हे गवत जपणे चर्चला जितके आवश्यक तितकेच मैदानालाही. म्हणून एका अर्थी खेळानेच त्या चर्चचे रक्षण केले असे म्हणता येईल, जरी ते उपसण्याचे श्रम खेळ येण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधीच झाले होते.

असे हे एकमेव स्थळ नाही. सॉमरसेटच्या किनाऱ्यावर बेरो या गावाचे सेंट मेरी हे मध्ययुगीन चर्चही वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत, गोल्फच्या मैदानाला अगदी लागून उभे आहे. त्या बर्नहॅम अँड बेरो क्लबचे पहिले व्यावसायिक खेळाडू होते जे. एच. टेलर. याच टेलर यांनी 1894 मध्ये इंग्लंडमधील सँडविच या गावाच्या रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर ‘ओपन’ ही ब्रिटनची सर्वांत मानाची गोल्फ स्पर्धा जिंकली. स्कॉटलंडच्या बाहेर झालेली ती पहिली ओपन स्पर्धा होती. सँडविचच्या मैदानात चर्च नाही, पण त्याच्या जन्मात एका चर्चचा वाटा सांगितला जातो : लेडलॉ पर्व्हेस या डॉक्टरांनी गावातील सेंट क्लेमेंट चर्चच्या मनोऱ्यावरून पाहिले तेव्हा समुद्राकडची ती उंचसखल जमीन त्यांच्या नजरेत भरली, आणि 1887 मध्ये तेथे क्लब स्थापन झाला.

किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात याचे कारण वेगळे असते. तेथे जमीनदारांच्या वाड्याभोवती विस्तीर्ण उद्याने असत आणि गावाचे चर्च बहुधा त्या उद्यानात किंवा त्याच्या कडेला असे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांना ही मालमत्ता पेलेनाशी झाली, तेव्हा काही उद्यानांची गोल्फची मैदाने झाली, परंतु चर्च ज्याचे होते त्याचेच राहिले. बकिंगहॅमशायरमधील स्टोक पार्कचे मैदान 1908 मध्ये हॅरी कोल्ट यांनी आखले. त्याच्या शेजारी सेंट जाइल्स हे जुने चर्च आहे.

प्रश्न : आम्ही पुढील वर्षी मुलाकडे जाणार आहोत. क्लबचे सभासद नसताना अशा चर्चपर्यंत जाता येते का? आणि चालताना चेंडू लागण्याचे भय असते का? (एक वाचक भगिनी, देवळाली कॅम्प)

उत्तर : निःसंकोच जावे. आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाणारी जुनी वहिवाट जमीन विकली गेली तरी बंद करता येत नाही, तसाच इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटेचा हक्क कायद्याने जपलेला आहे, आणि 1949 च्या कायद्याने अशा वाटा अधिकृत नकाशांवर नोंदवण्याचे काम तेथील स्थानिक प्रशासनावर सोपवले. सेंट एनोडॉकला डेमर बे या किनाऱ्यावरून चालत जाता येते आणि मैदानातून जाणारी वाट पांढऱ्या दगडांनी दाखवलेली आहे. वाट सोडू नये, खेळाडू चेंडू मारण्याच्या तयारीत दिसला तर थांबावे, आणि कोणी ‘फोर’ (चेंडू येत असल्याचा इशारा) असे ओरडले तर वर पाहत न बसता डोके हातांनी झाकून खाली वाकावे. चर्चमध्ये आजही उपासना होते, तेव्हा ती चालू असेल तर बाहेर थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.

प्रश्न : इंग्रज कवी जॉन बेट्जमन यांची समाधी सेंट एनोडॉक चर्चच्याच आवारात आहे, हे खरे का? (एक महाविद्यालयीन वाचक, पंचवटी)

उत्तर : होय. बालपणापासून त्यांच्या सुट्ट्या ट्रेबेदरिकला जात, गोल्फही ते तेथे खेळत. 1972 मध्ये ते ब्रिटनचे राजकवी झाले आणि 1984 च्या मे महिन्यात ट्रेबेदरिकच्याच घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आईलाही येथेच दफन केले आहे. वर उल्लेखिलेल्या स्टोक पार्कशेजारच्या सेंट जाइल्सच्या आवारात कवी थॉमस ग्रे हेही आपल्या आईच्याच कबरीत विसावले आहेत, हा योगायोग कवितेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. बेट्जमन यांचा दफनविधी झाला त्या दिवशी वादळी पाऊस कोसळत होता. चर्चपर्यंत मोटारीचा रस्ता नसल्यामुळे त्यांची शवपेटी खांद्यावर घेऊन माणसे मैदानातल्या त्याच पायवाटेने भिजत चालत गेली.