व्ही-झिरो म्हणजे पेटणारच नाही?

प्रश्न : इंडक्शन शेगडी मी एक्स्टेन्शन बोर्डावर लावते. परवा सॉकेट पिवळं पडलेलं दिसलं, जळका वासही येतो. दुकानदार म्हणतो, 'व्ही-झिरो प्लास्टिक आहे, आग लागूच शकत नाही.' खरं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आधी तो बोर्ड काढून बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

जळगावच्या एमआयडीसीत मोल्डिंगच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते, त्यामुळे हा शेरा रोज डोळ्यांखालून जातो. तो अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या ९४ क्रमांकाच्या मानकातला. प्लास्टिकची १२५ मिमी लांब, १३ मिमी रुंद पट्टी उभी टांगतात. खालून २० मिमीची ज्योत १० सेकंद लावतात, पट्टी विझली की पुन्हा १० सेकंद. अशा पाच पट्ट्या. दर वेळी ज्योत काढल्यावर १० सेकंदांत विझायला हवी, पाचही पट्ट्यांचं मिळून ५० सेकंदांच्या वर जाता कामा नये. पट्टीच्या खाली ३०० मिमीवर कापूस ठेवलेला असतो. जळता थेंब पडून तो पेटला की व्ही-झिरो हुकलं. पेटला तरी चालतो तो खालच्या दर्जाचा व्ही-टू. (कापूस किती चटकन पेटतो, हे जिनिंगशेजारी राहणाऱ्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.)

म्हणजे पट्टी पेटते, फक्त लवकर विझते.

शिवाय हा शेरा जाडीसकट वाचायचा असतो. ३ मिमीला व्ही-झिरो ठरलेला दाणा (म्हणजे मोल्डिंगचा कच्चा प्लास्टिक माल) १ मिमीच्या भिंतीत तसाच वागेल याचा भरवसा नाही. आणि दाणा तरी तोच कशावरून? कारखान्यातल्याच तुकड्यांचा चुरा वजनाने २५ टक्क्यांपर्यंत मिसळायला यूएलची मुभा आहे, त्यापुढे पुन्हा तपासणी. पण आमच्याकडे असेही गिऱ्हाईक येतात : 'मॅडम, भंगारचा दाणा टाका, रंग काळा ठेवा, कोणाला कळतंय!' काळ्या रंगात सगळं खपतं. तेव्हा पाकिटावर नुसतं 'व्ही-झिरो' छापलेलं दिसलं तर मी तरी त्याला भुलणार नाही.

तुमच्या बोर्डाचं दुखणं मात्र वेगळंच आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर ओढते. घरोघरी असतो तो बोर्ड ६ अँपिअरचा. आतली पितळी पत्ती तापते, ढिली पडते, ढिली पडली की पिन नीट टेकत नाही आणि आणखी तापते. ही धग आतून, रोज, तासन्‌तास लागते. २० मिमीच्या ज्योतीची परीक्षा तिच्यासाठी नाहीच. तिच्यासाठी तापल्या तारेची वेगळी कसोटी आहे : ८५० अंश सेल्सिअसपर्यंत लाल केलेली तार ३० सेकंद टेकवायची, आणि तार काढल्यावर ३० सेकंदांत ज्वाळा विझली पाहिजे. प्लग-सॉकेटचं आपलं मानक आयएस १२९३. बोर्ड घेताना आयएसआय खुणेसोबत हा आकडा शोधा.

शेगडीसाठी वायरमनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, तांब्याची २.५ चौरस मिमी वायर आणि नीट अर्थिंग धरून. पिवळा बोर्ड 'मोबाइल चार्जरला होईल' म्हणून जपून ठेवू नका. पत्ती एकदा तापून ढिली पडली की तिचा ताण परत येत नाही.