आऊट दिलं की वाद, मग घरात बसणं

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, नववीत. दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं तो विकार) निदान झालं, रोज सकाळी गोळी चालू आहे. अभ्यास बरा चाललाय, पण सोसायटीतली मुलं खेळायला घेत नाहीत. आऊट दिलं की हुज्जत घालतो, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो. गेल्या महिन्यात व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही काढलं. रोज समजावते, त्याला पटतंही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याचे बाबा म्हणतात, लाडानं बिघडलाय.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्याला पटतं हे खरंच आहे, आणि म्हणूनच रोजचं समजावणं वाया जातंय. हुज्जत घालू नये हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. अडतं ते बॅट हातात असताना, त्या दोन-तीन सेकंदांत. एडीएचडीत स्वतःला आवरणं उशिरा सुचतं. रात्री जेवताना ऐकलेलं दुसऱ्या दिवशी मैदानावर वेळेला आठवत नाही. सोशल स्किल्सचे क्लासही इथेच कमी पडतात, तेव्हा फी भरण्याआधी ते मैदानावरचं काय करून घेतात ते विचारा.

पहिले तीन आठवडे एकच गोष्ट धरा : आऊट. बाकीच्या चुकांकडे सध्या काणाडोळा करा. ‘भांडू नकोस’ यात त्याला करण्यासारखं काहीच नाही, म्हणून हातापायांना काम द्या. आऊट दिलं की बॅट खाली ठेवायची, बाटलीपर्यंत चालत जायचं, पाणी प्यायचं. हे घरी चार-पाच वेळा प्रत्यक्ष करून घ्या. अंपायर बाबांना करा आणि मुद्दाम चुकीचे निर्णय द्यायला सांगा. सरळ निर्णयावर सराव करून उपयोग नाही. (लाडाचा विषयही तेवढ्यापुरता बाजूला पडेल.) तो खेळायला निघाला की दारातच विचारा, ‘आऊट दिलं तर?’ उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं.

परत आल्यावर आधी खायला द्या, अर्धा तास काही विचारू नका. मग दोनच प्रश्न : कुठे जमलं, कुठे बिनसलं? पाच मिनिटांत विषय बंद. आणि गॅलरीतून हाक मारून सुधारणं तर अजिबात नको. पोरांना चिडवायला आयतं निमित्त मिळतं, मग ती त्याला मुद्दाम डिवचतात.

अख्खी टीम परत मिळवण्याच्या मागे आत्ता लागू नका. ग्रुपचा म्होरक्या सोडून एखादा शांत, त्याच्याच वयाचा मुलगा निवडा आणि रविवारी दीड तासासाठी बोलवा. काय खेळायचं ते आधी ठरलेलं हवं. कॅरम उत्तम, कारण पाळी आपोआप ठरते. एकाच कंट्रोलरवरचा व्हिडिओ गेम टाळा. वाट पाहण्यातच भांडण पेटतं. ज्या वस्तूला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही, ती कपाटात जाऊ द्या. खेळ रंगात असतानाच आटोपा, ‘अजून थोडा वेळ’ला भुलू नका. शेवटची वीस मिनिटंच बहुधा घात करतात.

बोलणं तोडण्यामागे पुष्कळदा ‘आत्ता नाही बोललो तर विसरेन’ ही धास्ती असते. मुद्दा आठवला की एक बोट मुडपून धरायचं, समोरच्याच्या बोलण्यावर एक प्रश्न विचारायचा, मग आपलं सांगायचं. जेवणाच्या ताटावर रोज पाच मिनिटं सराव पुरे.

ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून कुणाच्या आईला फोन करू नका. या नव्या मित्राशी आधी एकट्याशी चॅट चालू दे. एक मेसेज टाकला की उत्तर येईपर्यंत दुसरा नाही. रागाचा मेसेज नोट्समध्ये लिहायचा, चॅटमध्ये नाही. रात्री नऊनंतर फोन हॉलमध्ये.

आणखी एक तपासा : भांडणं किती वाजता होतात? गोळी मेथिलफेनिडेटची (एडीएचडीवरचं नेहमीचं औषध) असेल तर साध्या प्रकाराचा परिणाम साधारण चार तास, लांब चालणाऱ्याचा आठ ते बारा तास राहतो. म्हणजे संध्याकाळी सहाला त्याच्या अंगात औषध जवळपास नसेलही, आणि औषध उतरताना काही मुलं जास्तच चिडचिडी होतात. आठवडाभर भांडणाच्या वेळा लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा वेळ स्वतःहून बदलू नका.

तो ‘मी कुणालाच नको आहे’ असं वरचेवर म्हणू लागला, झोप किंवा जेवण तुटलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.