माळेतल्या कवड्या : नर-मादी की दोन जाती?

प्रश्न : सर, नमस्कार. माझ्या सासूबाई येडेश्वरीच्या आराधीण होत्या. त्यांची कवड्यांची माळ आता माझ्याकडे आली आहे. घटस्थापनेआधी धुवायला काढली तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या कवड्या एकसारख्या नाहीत. काही गुळगुळीत, लंबगोल. त्यांच्या पाठीवर नारिंगी कडं आहे. काही चपट्या, कोनाकोनाच्या, पिवळसर. शेजारच्या आत्याबाई म्हणतात, कडंवाली मादी आणि कोनवाली नर. खरं आहे का? काहींची पाठ घासून काढलेली आहे, त्या कशा ओळखायच्या? भाच्याने रत्नागिरीहून एक मोठी तपकिरी कवडी आणली, ती यांच्यातलीच का? आणि माळ चिंचेने उजळली तर चालेल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात घाई आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लावू नका. तांब्या-पितळेला चालतं ते कवडीला चालत नाही. कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत चुनखडीच. आंबट लागलं की वरची चकाकी जाते, आणि गेलेली चकाकी कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरे. दोरा जुना असेल तर धुण्याआधी तो बदलून घ्या.

आता नर-मादी. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, पण हे काही खरं नाही. कवड्यांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, इथवर बरोबर. मात्र तो फरक आतल्या जिवात असतो. जीव गेला, कवच उरलं, की नुसती कवडी हातात घेऊन ती नराची की मादीची हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. बाजारात ‘जोडी’ म्हणून विकणारे सांगतात, ते विकण्यासाठी सांगतात.

तुमच्या माळेत दोन जाती आहेत. कोनवाली ती मोनेटेरिया मोनेटा, कडंवाली ती मोनेटेरिया ॲन्युलस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दोघींनाही नावं दिली आणि तेव्हापासून त्या वेगळ्या जाती मानल्या जातात. पण माळेतली एकेक कवडी घेऊन निवडायला बसाल तेव्हा कड्यावर फार भिस्त ठेवू नका. मोनेटाच्या पाठीवरही पुष्कळदा बारीक नारिंगी रेघ असते, आणि ॲन्युलसचं कडं वर्षानुवर्षं अंगावर घासून पुसट होतं. रंग शेवटी बघायचा. आधी घडण.

कवडी फट खाली करून तळहातावर ठेवा आणि वरून पाहा. ॲन्युलसची कड सलग वळत जाते, कुठे अडत नाही. पाठ फुगीर असते. मोनेटा चपटी, एका टोकाला निमुळती आणि दुसरीकडे रुंद. त्या रुंद भागात दोन्ही बाजूंना कड जाड होऊन गाठी आलेल्या असतात, त्यामुळे वरून बघताना पंचकोनी वाटते. डोळ्यांना शंका आली तर डोळे मिटा आणि अंगठा कडेवरून फिरवा. ॲन्युलसवर तो सरळ घसरत जाईल, मोनेटावर गाठीपाशी अडखळेल. रंग त्यानंतर : ॲन्युलसची पाठ कड्याच्या आत राखी-निळसर आणि कड्याबाहेर फिकट, मोनेटा पिवळसर, कधी पांढुरकी, आणि पाठीवर आडवे दोन-तीन धूसर पट्टे. फटीचे दात मोजत बसू नका. या दोघींच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही.

पाठ घासलेल्या कवडीचं दुखणं असं, की कडं असतं तेच नेमकं घासून गेलेलं असतं. दोरा ओवता यावा, कवडी अंगाला सपाट बसावी, म्हणून पाठ काढतात. अशी कवडी उलटी-सुलटी करून भोकाची कड नीट बघा. कारागिराने पाठ थोडीच काढली असेल तर ॲन्युलसच्या भोकाभोवती नारिंगी कमानीचा तुकडा शिल्लक असतो. तोही नसेल तर बाह्यरेषा आणि गाठी. गाठी पाठ काढल्यावरही राहतात, कारण त्या बाजूला असतात. भोकातून आत डोकावलात तर दोन्ही जातींत जांभळट रंग दिसेल. पाठ झिजलेल्या जुन्या कवड्या जांभळ्या दिसतात त्याही यामुळेच. ती तिसरी जात नव्हे.

आकारमानाचंही तसंच. लहान कवडी म्हणजे पिल्लू आणि मोठी म्हणजे म्हातारी, असा हिशोब इथे चालत नाही. कवडी लहानपणी कवडीसारखी दिसतच नाही. कवच पातळ, तोंड रुंद, दात नाहीत, आणि एका टोकाला इतर गोगलगायींना असतात तसे वेटोळे उघड दिसतात. वयात येताना बाहेरचा ओठ आत वळतो, तोंडाची फट होते, दात येतात, आणि लांबी वाढणं तिथेच थांबतं. पुढे कवच फक्त जाड होत जातं. तेव्हा तुमच्या माळेतली सर्वांत चिमुकली कवडीही दात आलेली, म्हणजे पुरती वाढलेली आहे. तिची झळाळीही घासून आणलेली नाही. जिवंतपणी प्राण्याचं मऊ कातडं, त्याला प्रावार म्हणतात, दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकतं आणि त्यावर थर चढवत राहतं. दिवाळीत ‘लक्ष्मी कवडी’ म्हणून मिळणाऱ्या पिवळ्याजर्द कवडीची गोष्ट वेगळी. ओला कापूस फिरवून बघा. अंगचा रंग कापसाला लागत नाही.

संग्रहालयात गेलात तर एखाद्या जुन्या चिठ्ठीवर ‘सायप्रीआ मोनेटा’ असं लिहिलेलं दिसेल. गोंधळू नका, कवडी तीच. लिनियसने सगळ्याच कवड्या सायप्रीआ या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, घातल्या होत्या. १८६३ मध्ये ट्रोशेलने मोनेटेरिया ही प्रजाती केली आणि या दोघी आता तिच्यात मोडतात. कुळ मात्र अजूनही सायप्रीइडी. शास्त्रीय नावापुढे लिनियसचं नाव कंसात दिसलं, तर नाव देतेवेळी ती जात दुसऱ्या प्रजातीत होती असं समजायचं. एवढ्याशा कंसाने केवढं काम केलंय! मला हा संकेत फार आवडतो.

भाच्याने आणलेली कवडी ही बहीण नाही, फार तर चुलत बहीण. पाठीवर तपकिरी रेघांची बारीक गिचमीड, मधे मधे फिकट ठिपके आणि लांबी बोटाएवढी असेल, तर ती मॉरिशिया अरेबिका. पाठीवर अरबी अक्षरं लिहिल्यासारखी दिसतात म्हणून हे नाव. कुळ एकच, प्रजाती वेगळी. ती कोकणात खडकाळ किनाऱ्यावर, दगडांच्या खाली आणि कपारीत राहते. ओहोटीला दगड उलटलात तर तसाच परत ठेवायला भाच्याला सांगा, खाली पुष्कळांची घरं असतात.

माळेतल्या दोघींची वस्ती प्रवाळाच्या उथळ पाण्यात. मोनेटाचं सर्वांत नावाजलेलं आगर म्हणजे मालदीव. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथे राहिला होता. तिथले लोक कवड्यांवर व्यवहार करतात आणि बंगालला कवड्या देऊन तांदूळ आणतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ॲन्युलसचं मोठं कोठार पूर्व आफ्रिकेचा किनारा, झांझिबारकडचा. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी तिथून जहाजं भरभरून ती पश्चिम आफ्रिकेत नेली आणि तिथे कवडीचं मोल पार घसरलं. यावरून तुमच्या माळेतली ॲन्युलस आफ्रिकेतून आली असं मात्र म्हणू नका. दोन्ही जाती हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत पसरलेल्या आहेत, लक्षद्वीपलाही आहेत. कवडीवरून जात सांगता येते, गाव नाही. माळ ओवणाऱ्याने दुकानातल्या ढिगातून हाताला येतील त्या घेतल्या आणि दोन्ही जाती एका दोऱ्यात आल्या.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. कोकणात वाळूवर मला बटणाएवढे चकचकीत, चपटे शंख मिळाले. एकाचा रंग दुसऱ्याला नाही. गुलाबी, राखाडी, पिवळे, काहींवर नागमोडी नक्षी. या किती जाती असतील? आणि काहींना टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आहे, ते कुणी पाडलं? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बहुतेक सगळी एकच जात निघेल : अंबोनियम वेस्टियारियम. हेही लिनियसचं, १७५८ चंच नाव. रंगात एवढी उधळण असलेली जात आपल्या किनाऱ्यावर विरळाच. सगळे शंख पालथे घाल. तळाच्या मध्यभागी, जिथे अशा बऱ्याच शंखांना नाभीचा खळगा असतो, तिथे खळग्याऐवजी गुळगुळीत जाड चकती असेल. वरचे वेटोळे सपाट, त्यांच्यामधली शिवण जेमतेम दिसणारी. एवढं जुळलं की रंग विसरायचा. तोंडातून आत पाहिलंस तर मोत्यासारखी झाक दिसेल, कारण हा ट्रोकिडी कुळातला. त्याचे बहुतेक भाऊबंद खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. हा मात्र वाळूत पुरून घेऊन पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांनी गाळून त्यातले कण खातो. वह्यांत वेगवेगळी नावं लिहून ठेवली असशील तर ती खोडून एकच लिही आणि शेजारी सगळ्या रंगांची चित्रं काढ. तो तक्ता वर्गात लावण्यासारखा होईल.

भोक पाडणारा दुसरा एक शंखच आहे, नॅटिसिडी कुळातला गोलमटोल शिकारी. तोही वाळूतच फिरतो. हा भक्ष्याला पायाखाली धरतो, कवचावर आम्ल सोडतो आणि कानशीसारख्या जिभेने खरवडत आत शिरतो. भिंगातून भोकाची कड बघ. बाहेर रुंद आणि आत निमुळती, म्हणजे उतरती कड असेल तर काम त्याचंच. भोकाच्या भिंती सरळ उभ्या असतील तर म्युरिसिडी कुळातल्या कुणाचा तरी संशय घ्यायचा. काठ वेडावाकडा तुटलेला असेल तर तो नुसता फुटलेला शंख. आणि काही भोकं अर्धवट राहिलेली सापडतील, आरपार न गेलेली. ते शंख वेगळ्या डबीत ठेव : त्या खेपेला शिकार फसली होती.