फ्रान्सची राजकन्या लुईझ खरंच नन झाली होती का, की तिला मठात धाडलं?

खरंच झाली होती, आणि स्वतःच्या इच्छेने. राजा पंधराव्या लुईची ही धाकटी मुलगी, जन्म १७३७. एप्रिल १७७०मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, वडिलांची परवानगी घेऊन ती पॅरिसजवळच्या सँ-दनीमधल्या कार्मेल (कॅथलिक नन्सचा एक पंथ) मठात गेली. राजाच्या वागणुकीचं प्रायश्चित्त आपण करावं, ही तिची तळमळ होती. कार्मेलचे नियम कडक: मांस वर्ज्य, जाडंभरडं कापड, दीर्घ मौन. व्हर्सायच्या राजवाड्यात राहिलेल्या बाईने हे १७ वर्षं निभावलं, याचं मला फार मोल वाटतं. १७७३मध्ये ती मठप्रमुखही झाली. मात्र हे धर्मांतर नव्हतं. ती जन्मतःच कॅथलिक होती आणि बालपणही फोंतव्रोच्या मठातच गेलं होतं.