वाचक विचारतात : आईच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये चौघीजणी राहायला येणार आहेत

प्रश्न : ताई नमस्कार. ठाण्यात आमच्या आईचा वन बीएचके आहे, आई माझ्याकडे आल्यापासून तो बंदच असतो. मध्यंतरी एका संस्थेचे लोक भेटायला आले होते, त्यांना तो भाड्याने हवाय. चौघीजणी राहतील म्हणाले. आधी रस्त्यावर होत्या, मग मनोरुग्णालयात, आता बऱ्या आहेत पण घरी न्यायला कोणीच नाही. आई म्हणते देऊया. सोसायटीत मात्र कुजबुज सुरू झालीय, सेक्रेटरी म्हणतात आम्ही परवानगीच देणार नाही, बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत. भाडं बुडेल का, काही झालं तर जबाबदारी कोणाची, मला खरंच काही सुचत नाहीये. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आईंचं ऐका. हे आधी सांगून टाकते आणि मग कारणं देते.

आपल्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथे अशी माणसं असतात ज्यांचा आजार कधीच आटोक्यात आलाय, गोळ्या नीट चालू आहेत, स्वयंपाक येतो, हिशोब येतो, पण डिस्चार्ज द्यायचा तर कुठल्या पत्त्यावर, म्हणून ती तिथेच राहतात, कधीकधी वर्षानुवर्षं. काहींची घरं शोधून काढता येतात. कर्जतला श्रद्धा फाउंडेशन हेच काम करतं, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून गावी नेऊन सोडायचं, तिच्या संस्थापक डॉ. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी मिळाला. पण प्रत्येकाला परत जायला घर नसतं. आईबाप गेलेले असतात, भावाने जागा विकलेली असते, आणि काही बायकांना त्या घरी जायचंच नसतं कारण तिथूनच तर त्या बाहेर पडलेल्या. त्यांनी काय करायचं?

चेन्नईच्या द बनियन या संस्थेने यावर फार साधं उत्तर शोधलं. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी 1993 मध्ये रस्त्यावरच्या आजारी बायकांसाठी ती सुरू केली, आणि 2015 पासून त्यांनी होम अगेन नावाचं काम चालू केलं. चारपाच जणींना मिळून साध्या वस्तीत, साध्या गल्लीत भाड्याचं घर. बाहेर पाटी नाही, गेटवर वॉचमन नाही. मदतीला संस्थेची एक बाई असते. काय शिजवायचं, टीव्हीवर काय लावायचं, बाजारात कोण जाणार हे त्या आपापसात ठरवतात, भांडतातही, जशी कुठल्याही घरात माणसं भांडतात तशी. पुढे हे काम केरळ, आसाम आणि आपल्या महाराष्ट्रातही गेलं. तुमच्याकडे आलेली संस्था दुसरी असली तरी कल्पना बहुतेक हीच दिसतेय.

आता सोसायटी. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, त्याचं कलम 19 सेक्रेटरींना वाचायला द्या. त्यात सरळ म्हटलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्या कारणावरून त्याला संस्थेत अडकवून ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी लेखी कळवायचं असतं आणि अग्रीमेंटची कॉपी द्यायची असते, परवानगी मागायची नसते, आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा जादा आकार, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत तेवढं बघून घ्या. पण कायदा दाखवून आत शिरणं हा शेवटचा मार्ग ठेवा हं, कारण त्या चौघींना त्याच लिफ्टमधून रोज वरखाली करायचंय. त्यापेक्षा संस्थेच्या लोकांना मीटिंगला बोलवा, मुलांची काळजी करणाऱ्या आयांना मोकळेपणाने विचारू दे. रस्त्यावर राहिलेल्या बाईने मारहाण, छेडछाड, उपासमार काय काय सोसलेलं असतं, दार आतून लावून झोपता येणं हीच तिच्यासाठी केवढी गोष्ट असते, हे ऐकल्यावर बऱ्याच जणींचा सूर बदलतो.

तुमच्या जबाबदारीचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्स संस्थेच्या नावाने करा, रजिस्टर करा, पोलिसांना भाडेकरूंची माहिती द्या. भाडं संस्था भरणार, मग बुडायची भीती कोणत्याही भाडेकरूइतकीच. आणि संस्थेला चार गोष्टी स्पष्ट विचारा, रात्री घरात कोण असतं, गोळ्या कोण बघतं, कोणी आजारी पडलं तर न्यायचं कुठे, आणि रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी फोन कोणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाला जी संस्था लगेच नंबर देते तिच्यावर मी भरवसा ठेवते.

प्रश्न : आमचा बारा जणींचा भिशीचा ग्रुप आहे. जवळच्या एका संस्थेने बेघर लोकांना खोल्या मिळवून दिल्यात, त्यांना आम्हाला संसाराचं सामान द्यायचंय. घरातलं जुनं देऊ का? — एक वाचक, पुणे

उत्तर : जुनं चालेल, मोडकं नको. झाकण नसलेले डबे, शिट्टी गेलेला कुकर, एका हँडलची कढई कृपा करून पाठवू नका, माणसाला आयुष्यात पुन्हा एकदा घर मिळतंय आणि त्यात पहिली वस्तू येते ती आपल्याला टाकायची होती म्हणून, हे मला बघवत नाही. संस्थेकडून आधी यादी मागून घ्या. सहसा जे सगळे विसरतात ते असं, बादली आणि पाणी घ्यायचा मग, चांगलं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या, मच्छरदाणी, कपडे वाळत घालायची दोरी, तवा, पोळपाट लाटणं, चहाचं पातेलं आणि गाळणी, बल्ब, आरसा. आरसा नक्की द्या. आणि पहिल्या आठवड्याचा किराणा, त्यात चहा साखर हवीच, म्हणजे शेजारी डोकावले तर या म्हणता येतं.

गॅसचं सगळ्यांचं अडतं कारण नेहमीच्या कनेक्शनला पत्त्याचा पुरावा लागतो. 5 किलोचा छोटा सिलिंडर मिळतो त्याला नुसतं ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बारा जणींनी मिळून शेगडी आणि असा एक भरलेला सिलिंडर दिलात तरी मोठं काम होईल.

प्रश्न : मी नाशिकला निवारा केंद्रात व्हॉलंटियर आहे. एका काकांना आम्ही काम मिळवून दिलं, खोली घेऊन दिली, डिपॉझिट भरलं, आणि महिन्याभरात ते परत फुटपाथवर झोपायला लागले. खोलीचं भाडं चालूच आहे. सगळे म्हणतात यांना सवयच ती. मला फार वाईट वाटतं, चुकलं कुठे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : सवय म्हणून विषय संपवू नका. फुटपाथवर त्या काकांची माणसं होती, चहावाला ओळखत होता, शेजारी झोपणारा सामान राखत होता, रात्रीत कोणी आजारी पडलं तर कोणीतरी हलवून उठवत होतं. खोलीत दार लावलं की यातलं काहीच नाही. मी पाहिलेल्या कित्येक लोकांना पहिल्या रात्री बंद खोलीत झोपच येत नाही, दार उघडं टाकून उंबऱ्याशी झोपतात, कॉट असली तरी जमिनीवर अंग टाकतात. यात आजारपण काही नाही, होऊ द्यावं.

निवारा केंद्रांचं सरकारी गणित, म्हणजे शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, ते डोक्यावरच्या छपरापुरतं आहे. पुढच्या घडी बसण्याला आपल्याकडे कोणी फारसं मोजतच नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 ला सॅम त्सेम्बेरिस यांनी बेघरांसाठी पाथवेज टू हाउसिंग ही संस्था सुरू केली तेव्हा आधी घर द्या, दारू सुटली का, गोळ्या घेतो का अशा अटी घर देतानाही नकोत आणि नंतरही नकोत, असं धरलं, आणि फिनलंडने 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं. पण दोन्हीकडे घराबरोबर घरी येणारा माणूस होता, महत्त्वाचं ते होतं. किल्ली देऊन निघून गेलं की काम संपलं असं तिथे कोणी समजलं नाही.

म्हणून खोली सोडू नका, परवडत असेल तोवर भाडं भरत रहा, आणि काकांना रागावू नका. संध्याकाळी फुटपाथवर जाऊन भेटा, त्यांच्यासोबत खोलीवर या, तिथेच भात टाका. त्यांचा एखादा दोस्त चार दिवस राहायला आला तर घरमालकाशी तुम्ही बोला. त्यांना स्वतःच्या वस्तीतच जवळपास खोली हवी होती का हेही विचारा, आपण बहुतेक वेळा स्वस्त म्हणून शहराच्या टोकाला बघतो आणि मग कामाला जायचं भाडंच परवडत नाही.

जाता जाता, काकांचं मतदार यादीत नाव नसेल तर खोलीवर स्थिर होण्याची वाट बघू नका. बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत, तो जिथे झोपतो म्हणून सांगतो तिथे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा त्या भागाचा अधिकारी, रात्री येऊन खात्री करतो. नाव नोंदवायचा फॉर्म 6 भरताना फक्त काका सध्या खरोखर जिथे झोपतात तीच जागा लिहा, आणि बीएलओ येणार त्या रात्री तुम्हीही तिथे थांबा.