“एकदा लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल का, मॅडम?”

पावसाळा सरता सरता एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, उंच, शर्टाच्या बाहीवर सुताचे धागे. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आपण त्याला महेश म्हणू.) तो खुर्चीत टेकायच्या आत आईंनी सुरुवात केली, “तीन स्थळं मोडलाय. परवा म्हणतो, मला पोरीच आवडत नाहीत. एकदा लग्न लावून दिलं की येईल का हो ताळ्यावर?”

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कुणी औषध मागतं, कुणी विचारतं, पुण्याला पाठवला की बदलेल का. लग्न मात्र सगळ्यांच्या यादीत असतं. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण ते पहिल्या भेटीत आईच्या तोंडावर फेकून चालत नाही. मी त्यांना चहा दिला आणि बाहेर बसायला सांगितलं.

महेश बराच वेळ पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, “मी तसला आहे.” पुढचे दोन महिने तो स्वतःला ‘तसला’च म्हणत राहिला. ‘गे’ हा शब्द त्याला माहीत होता, मोबाइलवर रोज वाचत होता, पण तोंडातून निघत नव्हता. त्याआधी एका वैद्यानं सहा महिने ताकदीचं चूर्ण दिलं होतं. “वजन वाढलं, बाकी काही नाही,” असं सांगून तो पहिल्यांदा हसला.

मरणाचे विचार येतात का, हे अशा वेळी मी आडवळणानं विचारत नाही, सरळ विचारते. तो म्हणाला, “येतात. रात्री.” मग तास त्यावरच गेला. रात्री कुणाला फोन करायचा? त्यानं बार्शीच्या मावसबहिणीचं नाव घेतलं. तिच्या नंबराशेजारी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून घेतला. मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. तिथे उदासीनतेवर औषध सुरू झालं, पुरुष आवडण्यावर नाही. हा फरक आईंनाही नंतर नीट समजावून सांगावा लागला.

मला वाटलं होतं की त्याला समाजाची भीती आहे, वडिलांची आहे. होतीच. पण गाठ वेगळीच निघाली. आठवीत त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, हलक्या चालीचा, बारीक आवाजाचा. सगळे त्याला बायल्या म्हणायचे. “सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायचो, मॅडम. डबा लपवायचो त्याचा. माझ्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून.” त्या मुलानं दहावीनंतर शाळा सोडली, गावही सोडलं. महेशवर कधीच कुणाला संशय आला नाही. चाल दणकट, आवाज भारदस्त, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत पुढे. हे लपणं त्यानं दुसऱ्याच्या जिवावर साधलं होतं आणि त्याला ते कळत होतं. “स्वतःला स्वीकारा” असं अशा माणसाला नुसतं म्हटलं तर तो म्हणणार, कुणाला स्वीकारू, ह्याला?

इथे माझी एक चूक झाली. चौथ्या-पाचव्या भेटीत मी विचारून बसले, “वडिलांना कधी सांगायचं ठरवताय?” त्याचा चेहरा उतरला, आणि सहा आठवडे तो आलाच नाही. शहरातल्या, स्वतंत्र पगार असलेल्या माणसाचा नकाशा मी त्याच्यापुढे पसरला होता. त्याचं घर, माग, पैसा, सगळं वडिलांच्या हातात. सांगणं ही काही परीक्षा नाही. कुणाला, केव्हा, की कधीच नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. तो परत आल्यावर मी आधी माफी मागितली.

मधल्या काळात आई एकट्या येत राहिल्या. त्यांचा प्रश्न रोखठोक होता, “रोग हाय का नाही, तेवढं सांगा.” मी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाखाली सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा ठरवणं थांबवलं. बदलून देतो म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही म्हटलंय. दोन पुरुषांच्या लग्नाला मात्र आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही, २०२३ च्या निकालातही मिळाली नाही. हेही सांगितलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं काय चुकलं नाही?” सगळ्या तारखांमध्ये त्यांना हवं होतं ते एवढंच.

तरी जानेवारीपर्यंत चौथं स्थळ आलंच. आई पुन्हा डळमळल्या. त्या दिवशी महेशनंच उत्तर दिलं, माझ्यासमोर. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. तळ्याकाठी सम्मती कट्ट्यावर योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता टाकून तो नुकताच आला होता. म्हणाला, “आई, ती कुंभाराची पोरगी लग्न कर म्हणून हटून बसली, तर सिद्धरामेश्वरांनी तिला सरळ सांगितलं ना, माझ्याकडून संसार होणार नाही. मग त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलं तिचं, तेही तिला सगळं माहीत असताना. तू जी पोरगी आणशील, तिला कोण सांगणार? कशाची सम्मती तिची?”

आई पदराशी चाळा करत राहिल्या. चौथं स्थळ त्यांनीच परत पाठवलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. खोटं होतं. मी टोकलं नाही.

वडिलांना अजून माहीत नाही. कदाचित माहीत असेलही, कारखान्यात दोघं कापसाच्या भावाशिवाय बोलत नाहीत. महेश महिन्यातून एकदा येतो. पुण्यात त्याच्यासारख्या चार जणांशी ओळख झालीय, हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन येतो. ‘तसला’ हा शब्द कधी गळून पडला ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मागच्या भेटीत त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. वर्गातल्या त्या मुलाचा नंबर त्यानं शोधून काढला होता. मेसेज लांबलचक होता, शेवटी स्वतःबद्दलही दोन ओळी.

“निळ्या खुणा पडल्यात,” महेश म्हणाला. “तीन दिवस झाले.”

“उत्तर नाही आलं तर?”

“नाही देणार कदाचित. त्याचा हक्क आहे.” त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि घड्याळ बघितलं. संध्याकाळची पाळी सुरू व्हायची होती.