दिवस राहत नाहीत? आधी तारखा मांडा

ताई, पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी बीज फुटतं म्हणतात, पण हा चौदावा दिवस सगळ्यांना लागू नसतो. बीज फुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी. म्हणजे 28 दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवशी, 35 ची असेल तर एकविसाव्याच्या आसपास. बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र 5 दिवसांपर्यंत. म्हणून बीज फुटण्याआधीचे 5 दिवस आणि तो दिवस, यात एक दिवसाआड संबंध ठेवा. नेमकी तारीख धरून बसलं की हमखास चुकते.

पाळी दोन-दोन महिने लांबत असेल तर बीज नियमित फुटत नसावं; पीसीओएस (बीजकोशात बीज नीट न पिकण्याचा त्रास), थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासा. पाळी नियमित असूनही गर्भाशयाच्या नळ्या बंद असू शकतात. आपल्याकडे त्यामागे कधी गर्भाशयाचा टीबीही निघतो. नळ्या बघायला एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे), रक्तस्राव थांबल्यावर, पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवशी.

पण सुईणी, अंगारे, सोनोग्राफ्या सगळं बाईच्याच मागं का? नवऱ्याची वीर्यतपासणी स्वस्त, ती आधी करा. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध नको.

बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढं असेल तर सहाच महिने वाट बघा. मग लातूर, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात दोघांनी जा. फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम आजपासूनच सुरू करा.